चॉकलेटच्या वड्यांचं स्वेटर

स्वेटर विणावं तर कौसल्याबाईनं, असं अख्खं दिग्रस म्हणायचं. पण पावसाळ्यात तिची एकुलती लेक उर्वशी तापानं गेली, अन् बाईच्या सुया पेटीत जाऊन पडल्या. मागे उरली सहा वर्षांची नात नयन, अन् उर्वशीचं जुनं चॉकलेटी स्वेटर. ते उशाशी घेतल्याशिवाय पोरगी झोपत नव्हती.

थंडी पडली. स्वेटर कोपरांवर फाटलेलं, त्यात नयनसारख्या दोघी मावल्या असत्या. बाईच्या मनानं घेतलं, हेच उसवून पोरीच्या मापाचं करायचं. अन् रंग चॉकलेटीच आहे, तर चॉकलेटच्या वड्यांसारखे फुगीर चौकोनही पाडायचे. चॉकलेट म्हणजे पोरीचा जीव की प्राण! आईची ऊब लेकराच्या अंगाला लागेल, आणखी काय पाहिजे? कित्येक दिवसांनी बाई हसली.

नयन शाळेत गेल्यावर तिनं स्वेटर उसवलं. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून रिठ्याच्या गरम पाण्यात खळखळून धुतली अन् खाली वजनाला तांब्या बांधून तारेवर टांगली. आयुष्यभर ती असंच करत आली होती.

"आजी, मम्मीचं स्वेटर कुठी हाय?"

"धुतलं वं. वाळून राह्यलं."

पोरीला धड झोप लागेना. रोज उठून विचारायची, "वाळलं का वं?" बाईला गंमत वाटायची. वेडी कुठली! पाहशील तेव्हा नाचशील.

शेवटी स्वेटर झालं. सकाळीच तिनं ते नयनच्या अंगात घातलं. अगदी मापात बसलं. नयन खुदकन हसली, एक वडी तोडून खाल्ल्यासारखं केलं. मग बाही नाकाशी नेली. दुसरी नेली. गळा ओढून हुंगला.

"मस्त हाय. पण मम्मीचं कुठी हाय?"

"हेच तं हाय, बाई. तुह्या मायचंच."

"नाही. त्याले मम्मीचा वास येते."

 बाईनं नातीच्या खांद्यात तोंड खुपसलं. रिठा. नुसता रिठा! तापानं लेक नेली होती, अन् तिची उरलीसुरली खूण आपण आपल्याच हातांनी मोरीत सोडली. आता कुठून आणायची ती?

नयननं स्वेटर काढलं, आजीच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुले घे. मले मम्मीचं दे."

अन् कुडकुडत अंगणात गेली, तारेवर काय वाळतंय ते पाहायला.