एफ-अकरामधले सहा सेकंद

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तरी माझ्या हातच्या लिंबाच्या वड्या या जन्मी परत जमायच्या नाहीत.

आर्लिसनं एफ-अकरा दाबलं आणि तव्याचा चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पडद्यावर हिरवी अक्षरं धावली. एक पान, दुसरं पान, तिसरं, आणि मग खाली कोपऱ्यात फुली. कीबोर्ड बंद.

"परत दाबा," ड्वेन म्हणाला. तो टेबलाखाली होता, नुसते बूट दिसत होते.

"पाच वेळा दाबलं. पाचही वेळा तिथंच मेलं."

"आता वायर बदललीय."

"वायर तू मघाशीही बदलली होतीस."

ड्वेन म्हणजे फार्गो शहरातल्या मुख्य ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. मागच्या सोमवारी त्यानंच दुकानात नवे कॉम्प्युटर बसवले, आणि त्यांत जुन्या हिरव्या पडद्याचं सोंग घेणारा प्रोग्रॅम घातला. आर्लिसचा मॅक्रोही त्यानंच उचलून त्यात ठेवला. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं आपलं रोजचं काम हातानं केलं होतं आणि मशीननं ते बघून पाठ केलं होतं. तेव्हापासून एफ-अकरा दाबलं की सत्तरेक बटणं आपली आपण दाबली जायची, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची मागणी फार्गोला जायची, आणि आर्लिस तोवर कॉफी ओतून घ्यायची.

आठवडा झाला, ते बंद. सोयाबीन शेतात उभं आणि निम्म्या गावाची यंत्रं एकेका पट्ट्यासाठी अडलेली. आज दहाच्या आत जमलं नाही तर काउंटरच बंद करायचं, गिऱ्हाइकांनी थेट फार्गोला फोन करावा, असं फार्गोचा साहेब म्हणाला होता. ड्वेननं हे आर्लिसला सांगितलं ते लिंबाची दुसरी वडी खाऊन झाल्यावर.

"फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही रे," आर्लिस म्हणाली.

"साहेबाला तेच बरं वाटतं."

साडेनऊ झाले. ड्वेन टेबलाखालून निघाला, गुडघे झटकले, आणि जुना मॅक्रो नव्याशेजारी ठेवून ओळीवर ओळ वाचायला लागला. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं.

"या पाच ओळी मी काढल्या होत्या. कचरा होता."

आर्लिसनं पुसलेलं काउंटर परत पुसायला घेतलं.

"मागणी भरता भरता मध्येच एका गिऱ्हाइकाचं पान उघडायचं, सहा सेकंद नुसतं बघायचं, आणि बंद करायचं. काही लिहायचं नाही, काही नाही. हे कशाला?"

"सवय."

"रोज एकाच गिऱ्हाइकाचं?"

"ते कोरडं फडकं दे इकडे. तू त्यावर बसलायस."

ड्वेननं फडकं दिलं. मग दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून त्या पाच ओळी परत घातल्या आणि एफ-अकरा दाबलं. एक पान, दुसरं, तिसरं. मग एक नाव आलं, ऑरिन स्कोगेन. सहा सेकंद. नाव गेलं. मागणी सुटली, फुली नाही.

"अच्छा," ड्वेन म्हणाला. "फार्गोच्या मोठ्या मशीनला तिथं दम खायला वेळ लागतो. तुमचे सहा सेकंद काढले आणि आपण त्याच्या उरावर बसलो. आता असं करतो, हे नाव काढतो आणि साधं 'सहा सेकंद थांब' लिहितो. तेवढंच काम होईल."

"नको."

"अहो, जास्त नीट दिसेल."

"कोणाला दिसायचंय? होतं तसं राहू दे."

ड्वेन तिच्याकडे बघत राहिला. मग पडद्याकडे वळला आणि ते पान त्यानं स्वतः उघडलं. वर नाव आणि शेवटची खरेदी. एवढंच आर्लिस अकरा वर्षं बघत आली होती. ड्वेननं मात्र सवयीनं पुढचं पान दाबलं.

"खरी भानगड इथं आहे. या माणसानं ट्रॅक्टर विकलाय. चार वर्षं झाली. आणि दर सोमवारी एक ऑइल फिल्टर नेतोय, त्याच ट्रॅक्टरचा. कोणीतरी याच्या नावावर माल उचलतंय. फार्गोला कळवू?"

आर्लिसच्या हातातलं फडकं थांबलं.

"परत दाखव."

त्यानं दाखवलं. तिनं सहा सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ बघितलं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. ऑरिन आला, टोपी काढून छातीशी धरली आणि काउंटरपाशी उभा राहिला. सोमवार होता.

"एक ऑइल फिल्टर," तो म्हणाला.

"ट्रॅक्टर कसाय?"

"चाललाय."

"तक्रार नाही?"

"अजून तरी नाही." त्यानं टोपी फिरवून घेतली. "तेल खातो जरा."

तिच्या मागच्या फळीवर वरपासून खालपर्यंत त्याच फिल्टरची खोकी रचलेली होती. ऑरिननं त्यांच्याकडे बघितलं. आर्लिसनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"फिल्टर संपलेत," ती म्हणाली.

ऑरिनचे कान लाल झाले.

"कॉफी आहे," आर्लिस म्हणाली आणि स्टूल पुढे ढकललं.

ड्वेननं बशीतली शेवटची वडी उचलली, परत ठेवली, आणि काही बिघडलेलं नसताना टेबलाखाली गेला.

आता कबूल करते, यात एक गोष्ट मी मनची घातली. चार वर्षं म्हटलं ना, ती नऊ होती. पुढे मी ऑरिनची शेड आवरायला गेले तेव्हा चारशे एकोणचाळीस खोकी निघाली, एकही न फोडलेलं. सगळी मी मोजलीत. पण नऊ वर्षं सांगितली असती तर तुम्ही म्हणाला असता, बाई मठ्ठच होती. आणि मठ्ठ काही नव्हते मी. पुढचं पान उघडलं नव्हतं, एवढंच.