डाव्या चाकातला टक्

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका लहानशा गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. काचा बंद, रेडिओ बंद, तोंडही बंद. गाडी खड्ड्यात उतरते आणि खालून आवाज येतो. कुईकुई झालं तर रबर सुकलंय. खडखडलं तर कुठलातरी नट ढिला आहे. आणि लाकडावर खडा पडावा तसा कोरडा टक् आला, तर?

ठकीला तो टक् स्पष्ट ऐकू आला. पुढून, डावीकडून.

गाडी तिचे आजोबा चालवत होते. सगळं गॅरेज त्यांना कानसेन म्हणायचं. बाकीचे मिस्त्री आधी गाडी जॅकवर चढवून चाकं हलवून बघत. आजोबा आधी एक फेरी मारत. “जॅक काय, कुणीही लावेल. कान लावता आला पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. फेरीत कुणी बोलायचं नाही, हा नियम. तरी ठकी हळूच म्हणाली, “आजोबा, टक् झालं.”

आजोबांनी मान वळवली नाही. नियम मोडला म्हणून रागावले, असं वाटून तिने जीभ चावली.

गाडीची मालकीण घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणारी नर्स. फेरी संपवून गाडी परत आली, तेव्हा ती गॅरेजच्या दारातच उभी होती.

“काय म्हणते माझी म्हातारी?”

“धडधाकट आहे, सिस्टर. तुमच्या-माझ्या गुडघ्यांपेक्षा बरी.”

“माझे गुडघे मधे आणू नका हं, काका! मग आवाज काय माझ्या डोक्यात येतो?” हसत हसत ती गाडीत बसली आणि निघाली.

फाटकातून वळताना काड्कन आवाज झाला. पुढचं डावं चाक, पाय मुरगळावा तसं, बाहेर फाकलं आणि गाडीचं नाक जमिनीला टेकलं.

मग नर्स उतरली आणि दार घट्ट धरून उभी राहिली.

“काका... पुढे तो मोठा उतार आहे हो. तिथे असते मी, तर?”

आजोबा खाली बसले. चाकाला खालून धरून ठेवणारा बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारा लोखंडी गोळा, वाटीतून निखळला होता. वाटी पार झिजलेली.

“ही काही आज झिजली नाही,” ते पुटपुटले. “इतके दिवस वाजत असणार. मला कसं नाही ऐकू आलं?”

“मला आलं,” ठकी म्हणाली. “सांगितलं की मी तुम्हाला.”

“कधी गं?”

“गाडीत. तुमच्या मागे बसून.”

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. ठकीला आता कळलं. म्हणजे आजोबा रागावले नव्हतेच. सकाळी शेजारीण कडी वाजवून वाजवून परत गेली, तेव्हाही ते दाराशीच तर बसले होते.

नवा जॉइंट बसवून झाला, तरी आजोबा किल्ली हातात धरून नुसतेच उभे राहिले.

“सिस्टर, फेरी मारायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मी गाडी ठीक आहे म्हणालो, त्याला आता काय अर्थ?”



ठकीने आजोबांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत ओढत नेलं. स्वतः मागे बसली आणि दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. मग पुढे वाकून, अगदी त्यांच्या कानाशी, मोठ्याने म्हणाली, “डावीकडे वाजलं तर डावा खांदा, उजवीकडे वाजलं तर उजवा. चला, हळू घ्या.”

पहिला खड्डा गेला. दुसराही गेला. तिचे हात स्थिर होते.

तिसऱ्या खड्ड्यावर ठकीने आजोबांचा उजवा खांदा दाबला.