दहा फ्रिज जमेपर्यंत

काटेवाल्यांच्या घरातून कचरा बाहेर पडत नसे. इमारतीत हा विनोद शिळा झाला होता, पण गोष्ट खरी होती. शहराच्या कचराडेपोच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. गाडी भरलेली आली की काट्यावर घ्यायची, रिकामी होऊन परतली की पुन्हा घ्यायची, आणि मधला फरक वहीत मांडायचा. त्या फरकाचा डोंगर त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत गेला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं, "यापुढे त्या डोंगरावर आपल्या घरचा चमचासुद्धा पडणार नाही." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बायकोला, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनींना, तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता. त्या अभिमानाला आता सात वर्षं झाली होती, आणि त्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

मागच्या खोलीत बंद पंखे, झाकणं नसलेल्या बरण्या, पाय नसलेल्या खुर्च्या आणि सहा फ्रिज होते. त्यातले दोन घरचे, चार शेजाऱ्यांनी टाकायला काढलेले. काटेवाल्यांचा हिशोब सरळ होता. जुना फ्रिज चालवला तर दुप्पट वीज खातो. गरजूला दिला तर तेवढीच वीज त्याच्याकडे खातो. भंगारात दिला तर भंगारवाला नळी कापतो आणि आतला गॅस हवेत सोडतो, तो विजेपेक्षा वाईट. गॅस नीट काढून घेणारा एक कारखाना शहराबाहेर होता, पण दहा फ्रिज जमल्याशिवाय त्याची गाडी येत नसे.

"चारच राहिलेत," ते म्हणायचे.

वहिनींचं दुःख असं की यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं. नवरा चुकीचा असेल तर भांडून मोकळं होता येतं. बरोबर असलेल्या नवऱ्याशी भांडायचं कसं? माहेरी सांगावं तर लोक म्हणत, दारू नाही, जुगार नाही, तुझं काय दुखतंय? दुखत काहीच नव्हतं. श्वास तेवढा पुरत नव्हता.

मग ताई पडली. आई गेल्यावर वहिनींची वेणीफणी करण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं याच थोरल्या बहिणीनं केलं होतं. आता तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि पुढचे तीन महिने तिला सरळ आडवं राहायचं होतं.

"शुक्रवारी घरी न्या," हॉस्पिटलातली नर्स म्हणाली. "नाहीतर वृद्धाश्रमात एक खाट धरून ठेवलीय मी. पण सांगते, तिथून परत नेऊ म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. नेणारे नाही पाहिले."

घरी येऊन वहिनींनी पदर खोचला आणि भांडायच्या तयारीनंच म्हटलं, "अहो, ताईला मागची खोली हवी."

"हवीच," काटेवाले म्हणाले. "ताईंना नाही ठेवायचं तर कुणाला?"

वहिनींना रडूच आलं. माणूस मनाचा चांगला होता, हीच तर पंचाईत होती.

चार दिवस ते राबले. दोन जुन्या दारांचा पलंग केला, घासून गुळगुळीत केला. गुरुवारी संध्याकाळी खोली आरशासारखी लख्ख होती. वहिनींनी नवी चादर घातली आणि मग दाराबाहेर बोट दाखवलं.

"हे सामान कधी जाणार?"

"जाणार कुठे? सरकवलंय."

पंखे आणि बरण्या बाहेरच्या खोलीत छातीपर्यंत रचल्या होत्या. सहा फ्रिज तिथून मागच्या खोलीकडे येणाऱ्या बोळात भिंतीला लावून ओळीनं उभे होते.

"आणि ताई आत कशी येणार?"

"वाट ठेवलीय की. हे बघ, मी जातो." आणि पोट आत घेऊन, किंचित तिरके होऊन ते खरोखरच गेले. नुसत्या नजरेनं ट्रकचं वजन सांगणारा माणूस. पण रुंदी मोजायचं काम त्यांना नोकरीत कधी पडलंच नव्हतं.

"अहो, स्ट्रेचर तिरकं होत नाही."

"होईल गं. माणसं हुशार असतात ती."

शुक्रवारी दुपारी ताईला घेऊन हॉस्पिटलची गाडी आली. वहिनी आतल्या दारात उशी धरून उभ्या राहिल्या. दोघा हमालांनी स्ट्रेचर बोळात घातलं आणि दुसऱ्या फ्रिजपाशी ते अडकलं. पुढे जाईना. पुढच्या हमालानं खांद्यानं तिसरा फ्रिज रेटला. तो सरकला, तिरपा झाला आणि दोन भिंतींमध्ये पाचरीसारखा बसला. आता वाट मुळीच उरली नाही.

"बाहेरच्या खोलीत ठेवा!" वहिनी पलीकडून ओरडल्या.

"कुठे ठेवू बाई? खाली बरण्याच बरण्या," हमाल म्हणाला. "आम्हाला पुढची फेरी आहे. घरी घेतलं नाही तर आश्रमात सोडायचं असा कागद आहे."

फ्रिजच्या वरच्या फटीतून वहिनींना ताईचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"मेहुणे," ताई म्हणाली, "सहा फ्रिज मावले आणि मी नाही होय?" ती हसली. मग आवाज बदलून म्हणाली, "छकुले, रडू नकोस. नेऊ दे त्यांना."

"थांबा! मी पण येते!" वहिनींनी फ्रिजला दोन्ही हात लावले.

"अगं, ढकलू नको! मागची नळी फुटेल!" काटेवाले ओरडले, आणि वहिनींचे हात थांबले. सात वर्षांची सवय होती. तेवढ्यात स्ट्रेचर मागे गेलं, जिना उतरलं, आणि खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आपले हात का थांबले, याचाच वहिनींना सगळ्यात जास्त राग आला.

काटेवाले बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून गाडीकडे पाहत होते.

"भरलेली आली," ते म्हणाले, "आणि भरलेलीच गेली." काट्यावर याचा अर्थ एकच होता. माल नाकारला.

"अहो," वहिनी पलीकडून म्हणाल्या, "आता तरी हा फ्रिज काढा. मला तिच्याकडे जायचंय."

"काढतो. लगेच काढतो." त्यांनी फ्रिजला हात घातला, मागे वळून बरण्या पाहिल्या, पंखे पाहिले, आणि लहान मुलासारखं अगदी मनापासून विचारलं, "कुठे ठेवू गं?"

वहिनी मागे सरल्या आणि ताईसाठी केलेल्या पलंगावर बसल्या. पलंग छान झाला होता, जरासुद्धा करकरला नाही.