तीन नंबरची जर्सी

"चौदा," गेथिन म्हणाला. "परत मोजले मावशी, तरी चौदाच."

"मोजून वाढतात होय रे माणसं?" एयरवेन म्हणाली आणि बटाटा सोलत राहिली.

पेंटनांट रग्बी क्लबच्या स्वयंपाकघरात साडेबारा वाजले होते. अडीचला सामना. हरा नाहीतर जिंका, खेळ संपल्यावर पाहुण्यांना गरम जेवू घालायचं ही वेल्सच्या त्या खोऱ्यातली रीत, म्हणून सॉसेज, वाटाणे आणि चाळीस माणसांचे बटाटे. जेवायला माणसं होती. खेळायला नव्हती.

गेथिन संघाचा कप्तान. एरवी लोकांचे नळ दुरुस्त करायचा. सकाळपासून फोन करकरून त्याच्या नाकी नऊ आले होते. एकाची गोदामात पाळी होती, एकाच्या बायकोचे दिवस भरले होते, आणि एकाने तर फोनच उचलला नाही. लीगचा नियम सगळ्यांना पाठ होता. एका हंगामात तीन वेळा पंधरा गडी उभे करता आले नाहीत, तर क्लब यादीतून बाद. पेंटनांटचं दोनदा होऊन गेलं होतं. खाण बंद पडली, शाळा गेली, गावात शनिवारी एकत्र जमायचं म्हणून हे एवढंच राहिलं होतं.

"मावशी, रागावणार नसशील तर एक बोलू?"

"रागावले तरी तू बोलणारच आहेस."

"माझा मेव्हणा आलाय, कार्विन. तिकडे उत्तरेत तीन नंबरवरच खेळतो. नोंदणी काय, गुरुवारीच बंद झाली. पण..." गेथिनने नळ उघडला, उगाचच हात धुतले. "हेडनकाकांचं नाव अजून यादीत आहे ना?"

एयरवेनच्या हातातली सुरी थांबली.

हेडन प्रॉसर तिचा नवरा. पहिल्या फळीत, उजव्या अंगाला, तीन नंबरची जर्सी घालून तो सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. पुढे गुडघे गेले, तरी "अडीनडीला असू दे" म्हणून त्याने नाव काढू दिलं नाही. मार्चमध्ये तो वारला. त्याला आठ महिने झाले होते. एकदा नोंदलेलं नाव सेक्रेटरीने कळवेपर्यंत यादीत राहतं, आणि सेक्रेटरी होती एयरवेन. बावीस वर्षं खेळाडूंची नोंदणी तिच्याकडे, लीगची पत्रं तिच्याकडे, जर्सी धुणंही तिच्याचकडे. कुणी गाव सोडलं की दुसऱ्या दिवशी ती नाव कमी करण्याचा फॉर्म टपालात टाकायची. हा एक फॉर्म मात्र टेबलाच्या खणात कोराच पडून होता.

"रेफरी नवा आहे," गेथिन म्हणाला. "खालच्या शहरातला. त्याला काय कळणार?"

"आणि ट्यूडरला?"

ट्यूडर म्हणजे आजच्या पाहुण्यांचा, त्रेवार्न क्लबचा सेक्रेटरी. हेडनच्या शवपेटीला पुढून डावा खांदा त्याचाच होता.

"ते आपलेच आहेत गं. आणि काकांना काय वाटलं असतं? क्लब मेलेला आवडला असता त्यांना?"

नसता आवडला. हे एयरवेनला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला गेथिनचा राग आला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि आजच्या संघाच्या कागदावर एकेक नाव लिहिलं. एक, दोन. तिसऱ्या आकड्यापुढे पेन जरा अडलं, मग आपल्या नेहमीच्या वळणदार अक्षरात तिने लिहिलं : हेडन प्रॉसर.

सव्वादोनला ट्यूडर रीतीप्रमाणे समोरच्या संघाच्या कागदावर सही करायला आला. कागद लांब धरून त्याने वरून खाली वाचला. एका जागी त्याची नजर थांबली. बाहेर मुलांचे बूट सिमेंटवर खडखडत होते.

"तीन नंबर आज आहे म्हणायचा," तो हळूच म्हणाला.

"आहे."

"बरं." त्याने सही केली. उघडकीला आलं तर त्याच्याही क्लबची मान अडकणार होती, हे दोघांनाही कळत होतं. दारातून तो मागे वळला. "जपून खेळ म्हणावं त्याला. गुडघा सांभाळ."

एयरवेनला हसू आलं आणि पाठोपाठ फार वाईट वाटलं.

मैदानावर पावसाची भुरभुर होती. एयरवेन पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेपाशी उभी होती. पहिल्या फळीतल्या माणसांच्या मानेवर सगळा भार येतो, म्हणून रेफरी त्यांना आधी बाजूला घेऊन चौकशी करतो. पोरगेलासा होता तो. कागद धरून एकेक नाव घेत होता.

"हेडन प्रॉसर?"

"मीच!" कार्विन म्हणाला.

चांगला खणखणीत, आनंदी आवाज होता. बिचाऱ्याचा काय दोष! पण आठ महिने त्या नावाला कुणी ओ दिली नव्हती. सवयीने एयरवेन अजूनही कधी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "हेडन, चहा झालाय," आणि मग एकटीच दोन कपांकडे बघत बसायची. आज ओ आली, ती परक्या माणसाची.

"नाही," ती म्हणाली. बाटल्या तिने गवतावर ठेवल्या. "तो हेडन नाही. हेडन मार्चमध्ये वारला. माझा नवरा होता."

रेफरी एकदा तिच्याकडे आणि एकदा कागदाकडे बघत राहिला.

"नाव मी लिहिलं. या पोराचा काही दोष नाही. आणि यांनी," तिने ट्यूडरकडे बोट केलं, "न वाचताच सही केली."

"वाचून केली," ट्यूडर म्हणाला.

रेफरीने खिशातून पेन काढलं आणि ओल्या कागदावर ते नाव खोडलं. त्या एका रेघेने पेंटनांट लीगमधून गेलं. कार्विनने जर्सी डोक्यावरून काढली, घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

तरी खेळ झाला. ट्यूडरने आपला एक गडी बसवला आणि चौदा विरुद्ध चौदा, गुणांशिवाय, नुसते खेळले. पेंटनांट वाईट हरलं. मग सगळे आत आले, जेवले, बटाटे बरे झालेत म्हणाले. दरवेळी कुणीतरी गाणं सुरू करायचं, आज कुणी केलं नाही.

भांडी घासताना गेथिन तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या भुवईवर चिकटपट्टी होती.

"गप्प राहिली असतीस मावशी, तर क्लब वाचला असता."

"माहीत आहे मला."

"ऐंशी मिनिटांच्या खेळाचाच तर प्रश्न होता."

"माहीत आहे म्हटलं ना, बाळा." तिने त्याच्या हातात पुसायचं फडकं दिलं. तो ताटं पुसत राहिला, पण तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

रविवारी सकाळी एयरवेनने खणातला फॉर्म काढला आणि भरला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा होता. तो लिहून तिने पाकीट चिकटवलं. मग मागच्या अंगणातल्या टाकीत पाणी सोडलं आणि चिखलाने जड झालेल्या जर्सी एकेक करून घासल्या. पुढच्या शनिवारी त्या कुणी मागणार नव्हतं. पिशवीच्या तळाशी घडी घातलेली तीन नंबरची निघाली. तिच्यावर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

एयरवेनने ती उलगडली, पाण्यात बुडवली आणि बाकीच्यांसारखीच नीट घासली.