कड्यावर दाखवलेली मूठ

डेलमर माझा सख्खा भाऊ. हे आधीच सांगून टाकते, कारण परवा शनिवारी नेमकं हेच सांगायची वेळ आली तेव्हा माझं तोंड उघडलं नाही.

माझ्या लेकीचं, ब्रिनचं, लग्न ऑक्टोबरात आहे. मुलगा चांगला, त्याचे आईवडील त्याहून चांगले, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. हॉलिस आणि मेरेडिथ रीनोला राहतात. त्यांची गाडी इतकी कोरी करकरीत की तिच्यात चढताना आपणच बूट पुसावेत. दोघांना डोंगरातल्या बंद पडलेल्या खाणी बघायचा भारी नाद. पहिल्याच जेवणाला टेबलावर सगळ्यांचे वाडवडील निघाले. तिचे वडील सर्जन, ह्याचे न्यायाधीश. मग मेरेडिथने गोड आवाजात विचारलं, "आणि तुमच्याकडे कोण?" मी म्हटलं, "आमचे आजोबा ग्रे म्यूल खाणीचे मॅनेजर होते."

कुठून सुचलं देव जाणे. आजोबा खेचर हाकायचे. बोगद्यातून खनिजाच्या वाघिणी ओढणारं खेचर, त्याच्या मागे चालायचं आणि त्याने केलेलं उचलायचं, हा त्यांचा हुद्दा. पण बोलून गेले ते गेले. मग व्याही आणि विहीणबाई हटूनच बसले, ग्रे म्यूल दाखवा.

मला काय, वाट तोंडपाठ. दोन गाड्या, डबा बरोबर, दुपारपर्यंत परत. खाणीशी कोण असणार आहे ह्या उन्हाचं? पण शेवटचा चढ चढलो आणि समोर डेलमरची पिकअप. पिकअप कसली, चालतं भंगार. मागच्या हौद्यात पत्रे, धुराड्याची नळकांडी, एक गादी आणि बीन्सच्या डब्यांची खोकी. खाणीजवळची खोपटी कुणाच्या मालकीची नाही. येणाराजाणारा तिथे चार डबे ठेवतो, काही मोडलं असेल तर दुरुस्त करतो, उद्या कुणी अडकला तर त्याची सोय व्हावी म्हणून. आमचा हा शहाणा गावभरचं सामान गोळा करून एकटाच छप्पर घालायला गेलेला.

"नेल्डे!" तो छपरावरून ओरडला. "आणि हे आमचे व्याही का? या, या, घर आपलंच आहे."

मी ओळख करून दिली. तशी टाळता येण्यासारखी नव्हतीच, आमची दोघांची नाकं एकाच साच्यातली.

खाणीत मीच घेऊन जाणार होते. पण डेलमर कसला ऐकतोय. बोगद्याच्या तोंडाशी त्याने टोपी काढली, आत वाकून हाक मारली, "येऊ का?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. हे आमच्या घरचं. आजोबा करायचे, बाबा करायचे, साप असला तर सरकतो म्हणायचे. मग त्याने तोंडातून कवळी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. एकदा आत डोकं आपटून मोडली होती, तेव्हापासून हा नेम. मेरेडिथ दुसरीकडे बघायला लागली. माझ्या कानशिलांना धग लागली.

आत गार होतं. टेकूंची लाकडं वाळून करकरत होती. हॉलिस दर पावलाला बॅटरी फिरवत होता आणि लहान मुलासारखा खूश होता. पुढे एका रुंद जागी खाणकामगार जेवायला बसायचे, तिथे छतावर दिव्याच्या काजळीने लिहिलेली नावं आहेत.

"तुमच्या आजोबांचं कुठलं?" मेरेडिथने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत डेलमर बोळक्या तोंडाने म्हणाला, "नाव नाही हो, त्यांना लिहिता कुठे येत होतं. हे बघा." आणि त्याने कोपऱ्यातलं खेचर दाखवलं. काजळीने काढलेलं, कान लांब, पोट मोठं. "हे त्यांचं. बारा वर्षं ह्याच्या मागे चालले. डोळे मिटून काढलंय, असं सांगायचे."

मग हॉलिस हसला, आणि खरं सांगते, तो कुत्सित हसला नाही. "मॅनेजर खेचराचे होते म्हणायचे," एवढंच म्हणाला. मेरेडिथने माझ्या दंडावर हात ठेवला. एखाद्या आजाऱ्याच्या ठेवतात तसा. मला डेलमरचा इतका संताप आला की त्याच काळोखात त्याला सोडून यावंसं वाटलं. त्याच्या बापड्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो आपला खेचराचे कान कसे हुबेहूब आलेत ते दाखवत होता.

निघताना तो खिडकीशी आला. "दोन खिळे ठोकतो आणि तुमच्या मागोमाग येतो. कड्याच्या तोंडाशी थांब हं माझ्यासाठी."

हे का, ते सांगायला हवं. डेलमरच्या मानेत ऑपरेशन करून पट्टी बसवलीय, मान वळत नाही. डावा आरसा फुटलेला. कड्यावरचा रस्ता एका गाडीपुरता, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे कायम मी पुढे असते, समोरून कुणी आलं तर त्यांना थांबवते. रेडिओ तो बाळगत नाही. मीच त्याचा रेडिओ.

"भाऊ येतोय ना बरोबर?" हॉलिसने गाडी सुरू करता करता विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तो आज वरच राहणार."

आणि थांबले नाही. थेट कडा उतरून खाली, गाडी बाजूला घेता येते त्या जागेपर्यंत आलो. समोरून पाच गाड्यांचा ताफा चढत होता. चढणाऱ्याला वाट द्यायची, म्हणून आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो, खिडक्या उघड्या. इकडच्या डोंगरांत एक रीत आहे. समोरासमोर आलं की प्रत्येकाने खिडकीतून बोटं दाखवायची, आपल्या मागे आपल्या किती गाड्या आहेत तेवढी. ज्याच्या मागे कुणी नाही त्याने मूठ दाखवायची. समोरचा त्या मुठीच्या भरवशावर अरुंद रस्त्यात गाडी घालतो. ह्यात थापा मारत नाहीत. चोरसुद्धा मारणार नाही.

हॉलिसने माझ्यासाठी एक बोट दाखवलं. ताफ्याच्या पुढे एक तरुण पोरगी होती, राकेल. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या आरशात वर धुळीचा लोट दिसत होता. मला माहीत होतं तो कोणाचा. हॉलिसची खिडकी हातभर अंतरावर. बोट दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, अहो, भाऊ तर वर राहणार होता. आणि दुसरंही होतं, तेही सांगते: त्या क्षणी मला तो भाऊ नकोच होता. ती कवळी नको, ते भंगार नको, ते खेचर नको.

मी मूठ दाखवली.

राकेलने हात हलवला आणि निघाली. तिच्या मागे बाकीच्या गेल्या.

खाली कोरड्या ओढ्यात आम्ही कॉफी काढली. मेरेडिथ लग्नातल्या फुलांचं बोलत होती. तेवढ्यात वरून हॉर्न आला, लांब, घसा बसलेला. डेलमरचाच. वर बघितलं तर कड्याच्या ऐन अरुंद जागी त्याची पिकअप आणि तिच्या नाकाला नाक लावून पाच गाड्या. पाच गाड्यांना मागे जाता येत नव्हतं. डेलमर चढावर, उलटा, मागे जाऊ पाहत होता. मागच्या चाकाखालून दगड सुटले आणि ते खाली पडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"अहो, हे तर तुमचे भाऊ," हॉलिस म्हणाला.

"विचार बदलला असेल," मी म्हटलं. तेव्हासुद्धा. जळो माझं तोंड.

"मी बघते, तुम्ही थांबा इथेच," म्हणून मघाशी गाड्या बाजूला घेतल्या होत्या त्या जागेपर्यंत गाडी नेली आणि पुढे पळत सुटले. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी. पाचही गाड्यांच्या आणि भिंतीच्या मधून अंग घासत गेले. प्रत्येक खिडकीतून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. राकेल खाली उतरून उभी होती, चेहरा पांढराफटक. पिकअपचं मागचं चाक अर्धं हवेत. मी भिंतीच्या बाजूने सरपटत मागे पोचले आणि त्याच्या धड असलेल्या आरशात दिसेन अशी उभी राहिले.

त्याने मला पाहिलं. त्या आरशात मला फक्त त्याचे डोळे दिसत होते. मी हात वर केला, थांब. मग भिंतीकडे, थोडं. आणखी थोडं. थांब. त्याने एकदाही विचारलं नाही. मी बोट हलवलं तसं त्याने स्टिअरिंग फिरवलं. चाक रस्त्यावर आलं. मग वळणापर्यंत, जिथे जागा रुंद होते, मी उलट्या पावलांनी चालत राहिले आणि तो माझ्या हातांकडे बघत येत राहिला.

राकेल आली ती तापूनच. "मघाशी खाली दोन गाड्या भेटल्या, शेवटच्या बाईने मूठ दाखवली. ह्या काकूच होत्या ना त्या? मग तुम्ही कुठून उगवलात? मेलो असतो आपण."

मी तोंड उघडलं. डेलमर माझ्या आधी बोलला.

"त्यांचं बरोबर होतं, पोरी. मी त्यांच्यातला नाही. मी एकटाच आलेलो, खाणीवर काम करत होतो."

"मग ह्या तुमच्या कोण?"

"कोणी नाही. वर भेटल्या. चांगली बाई दिसते."

राकेलचा राग उतरला. ती माझ्याकडे वळली आणि तिने चक्क माझा हात हातात घेतला. "ओळखदेख नसताना एवढ्या पळत आलात, काकू? कोण करतं हो असं?" मी मान हलवली. मान! पाचही गाड्या आमच्या शेजारून गेल्या आणि पाचही जणांनी मला हात करून आभार मानले. मी तिथे उभी राहून ते घेतले. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

धूळ बसली. डेलमरने खिशातून कवळी काढली, शर्टाला पुसली, तोंडात घातली.

"तू ओळखलंस," मी म्हटलं. "मूठ मुद्दाम होती."

"हं."

"मग का वाचवलंस मला?"

"तुझ्या पोरीचं लग्न आहे." त्याने टोपी सारखी केली. "मी असं करतो, वर जाऊन रात्र काढतो. डबे आहेतच. तुमचे व्याही गेले की उद्या उतरतो. आणि लग्नाचंही बघू, मान दुखत होती म्हणून आला नाही, असं सांग."

ह्यावर मी रडले. त्याला रडलेलं आवडत नाही, तो दरीकडे बघत राहिला.

"तू खाली चल," मी शेवटी म्हटलं. "खाली माझी गाडी आहे तिथपर्यंत मी चालते तुझ्यापुढे. तिथून तू पुढे, मी मागे."

कडा उतरलो. मग मी माझी गाडी त्याच्या मागे लावली. ओढा रुंद होतो तिथे समोरून हॉलिसची कोरी गाडी येताना दिसली, आम्हाला शोधायला निघालेली. डेलमर बाजूला झाला. त्याच्या खिडकीतून हात बाहेर आला, आणि त्याने एक बोट दाखवलं. ठळक, सरळ, हॉलिसला नीट दिसेपर्यंत तसंच धरलं. एक बोट, म्हणजे मी.

हॉलिस त्याला ओलांडून माझ्याशी येऊन थांबला.

"वर राहणार होते ना?"

"खोटं सांगितलं," मी म्हटलं. "माझ्या मागोमाग येत होता. त्या लोकांनाही खोटी मूठ दाखवली. आणि आजोबा कशाचे मॅनेजर नव्हते, ते तुम्ही ऐकलंच."

मेरेडिथ मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"आता मागे कुणी आहे?" हॉलिसने विचारलं.

मी मूठ दाखवली. त्याने मुठीकडे बघितलं, मग खिडकीतून वाकला आणि माझ्या मागचा रस्ता स्वतः बघून घेतला.