खिळ्यावर राहिलेलं पत्र

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकतात तो नव्हे. लाकडी ठोकळ्यावर उभा असलेला, कागद टोचून ठेवायचा. माझ्या बुडाशी एका आईचं पत्र एकोणीस वर्षं अडकून होतं. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. माझं आयुष्य सांगण्याजोगं आहे का, याची मला शंकाच आहे. पण त्या पत्राचं सांगायलाच हवं.

एका लेथवाल्याने मला घडवलं, टोक घासून दिलं आणि मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आलो. उपसंपादकांच्या टेबलावर माझी जागा होती. त्यांना सगळे काका म्हणत. नको असलेली बातमी, वाचून झालेलं पत्र, सगळं ते माझ्यावर टोचत. "काकांचा खिळा म्हणजे बातम्यांचं स्मशान," असं वार्ताहर म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. दर शनिवारी शिपाई मला रिकामा करी.

एके दिवशी ते पत्र आलं. 'तुम्ही माझ्या मुलाला नावासकट चोर म्हणून छापलंत. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं आहे. तेवढं छापा, नाहीतर निदान उत्तर तरी पाठवा.' काकांनी ते दोनदा वाचलं. "तो अंक केव्हाच रद्दीत गेला, बाई. कोण लक्षात ठेवतंय?" असं पुटपुटत त्यांनी ते टोचलं. जरा जोरातच टोचलं. ते थेट ठोकळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. शिपायाच्या हाताला कधी लागलं नाही.

पुढे छपाई बंद झाली. वर्तमानपत्र वेबसाइटवर गेलं, जुन्या बातम्याही टाइप करून तिथे चढवल्या. कागद येईनासा झाला, मी गंजलो; अंगावर तेवढं ते पत्र उरलं. काका तेव्हा साठीला टेकले होते. वेबसाइट सांभाळणाऱ्या ताई त्यांना ब्लॉग लिहायला शिकवायच्या. "काका, बटण आहे ते, डास नाही. हळू मारा!" काका हसत, पुन्हा चुकत. पण शिकले. जुन्या बातम्यांवर त्यांचं सदर सुरू झालं, वाचकही मिळाले.

एका दुपारी ताई म्हणाल्या, "काका, तुमची एक चोरीची बातमी अजून दर महिन्याला उघडली जाते."

काका खुलले. "बघा! लेखणीत दम होता."

"दम कसला, काका. नोकरी देणारे त्या मुलाचं नाव शोधतात, तेव्हा पहिली हीच दिसते. खालचे अभिप्राय वाचा."

काका वाचू लागले. 'बरं झालं, कामावर ठेवून घेण्याआधी पाहिलं.' 'आम्हीही हे वाचूनच त्याला काढलं.' सगळ्यात खाली त्याच्या बहिणीने लिहिलं होतं : 'दादा मागच्या वर्षी घर सोडून गेला. कुठे आहे, माहीत नाही. आई अजून पोस्टमनची वाट बघते.'

काकांनी मला जवळ ओढलं आणि बुडाशी चिकटलेलं पत्र नखाने सोडवलं. भोकाभोवती गंज पसरला होता. पत्ता मात्र शाबूत होता.

"बातमी उडवून टाकू?" ताईंनी विचारलं.

"नाव काढा, बातमी राहू दे. उडवली तर आपण कधी छापलीच नव्हती असं होईल. वर लिहा, तो निर्दोष सुटला होता, आईने कळवलं होतं, आणि मी ते दाबून ठेवलं."

"तुमच्या नावानिशी? मालक सदर बंद करतील, काका."

"करू देत."

ताईंनी तसं लिहिलं आणि मालकांनी संध्याकाळच्या आत सदर बंद केलंही. काकांनी टेबल आवरलं. तीन कागद फाडल्यावर चौथ्यावर चार ओळी उतरल्या. 'आई, तुमचं पत्र मला मिळालं होतं,' अशी सुरुवात होती. मग त्यांनी मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, मी फक्त कागदच टोचतो, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. तुमच्या टेबलावर खिळा नसेल. पण कुणाचं म्हणणं बाजूला सारायची सोय तुमच्याही हाताशी आहे. ती वापरण्याआधी उत्तर द्या, एवढंच विनवतो.

तो मुलगा परत येईल का, ते काकांना ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग पाकीट आत पडल्याचा आवाज मी पिशवीतून ऐकला.