कॉर्पोरल हॅस्क्यूची हजेरी

जहाजाचं बारसं दोनदा करू नये म्हणतात. आमच्या जहाजाचं झालं होतं.

मुळात ते एका डेन्मार्कवाल्या व्यापाऱ्याचं मालवाहू जहाज. त्यानं त्याला बायकोचं नाव दिलं होतं, 'एल्से मारी'. पुढं आमच्या अमेरिकी नौदलानं ते विकत घेतलं, करडा रंग फासला, पोटात रणगाडे आणि दारूगोळा ठेवायची सोय केली आणि नाव ठेवलं 'कॉर्पोरल वेंडेल हॅस्क्यू'. हा हॅस्क्यू आर्कान्सॉच्या खेड्यातला पोरगा. कोरियाच्या लढाईत खंदकात हातबॉम्ब येऊन पडला, तेव्हा त्यानं त्याच्यावर अंग झोकून दिलं. बाकीचे वाचले. सर्वांत मोठं पदक त्याला मिळालं, म्हणजे त्याच्या आईला मिळालं.

नव्या नावाच्या दिवशी त्याची बहीण, मिस इनेझ, जहाजाच्या नाकावर दारूची बाटली फोडायला आली होती. पहिल्या दणक्याला बाटली फुटली नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यांदा एका खलाशानं हात लावला तेव्हा फुटली. बँडवाल्यांनी जोरात वाजवून वेळ मारून नेली, पण धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी जे पाहायचं ते पाहिलं. आणि जुनं नाव काही गेलं नाही. पोलादावर वेल्डिंगनं उठवलेली अक्षरं होती ती. घासली, रंगाचे थर दिले, तरी ऊन तिरकं पडलं की 'एल्से मारी' रंगाखालून वर यायची.

तसं ते जहाज कामाला वाईट नव्हतं. कुवेतच्या लढाईला रणगाडे नेले, भूकंपानंतर हैतीला पाणी आणि तांदूळ नेला. मी व्हर्लीन पेटवे, त्याच्या भटारखान्याची मुख्य. आम्ही वर्दीतले नव्हेत; पगारी खलाशी, सैन्याचा माल वाहणारे. जेवणघरात हॅस्क्यूची तसबीर होती, कान बाहेर आलेले, हसरा, मिशी फुटायच्या वयाचा. मी रोज ती पुसायचे आणि म्हणायचे, "काय रे, जेवलास का?" बाईमाणसाला जहाजावर बोलायला कुणी तरी लागतंच.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ रोस्को जहाजावर आला. इंजिनखोलीत पुसापुशी, तेलपाणी, असली पडेल कामं. घरी पास्कागूलात नुसता उंडारत होता, म्हणून आईच म्हणाली, घेऊन जा. निघताना मात्र तिनं माझं मनगट धरलं. "धडधाकट नेतेयस, तसाच परत आण. मला दुसरं काही नको." मी म्हटलं, "आई, तो काय शाळेच्या सहलीला निघालाय?" ती हसली नाही.

त्याच दिवशी मिस इनेझ जहाज बघायला आल्या होत्या. दरवर्षी यायच्या, टोपी घालून, भावाच्या तसबिरीपुढं बसून माझ्या हातची पीचची पेस्ट्री खायच्या. त्यांनी रोस्कोला शिडीवरून सामान आणताना पाहिलं.

"तुझा कोण गं तो?"

"धाकटा भाऊ."

त्यांचा काटा बशीत तसाच राहिला. "एका जहाजावर बहीणभाऊ? नको होतं हं असं करायला, पोरी."

"का हो?"

"काही नाही. म्हातारीची बडबड." पण पेस्ट्री त्यांनी अर्धीच खाल्ली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी तिला झाडूनं हाकलली आणि कामाला लागले.

आता आमच्या हजेरीची रीत सांगते, कारण सगळं तिच्याशीच येऊन थांबतं. आगीचा सराव झाला, की कॅप्टन आणि वर ब्रिजवर जहाज चालवणारे सोडून बाकी आम्ही अठरा जण मागच्या डेकवर रांगेत उभं राहायचं आणि एकेकानं आपापला आकडा ओरडायचा. पण आमच्या जहाजावर पहिला आकडा कॉर्पोरलचा. सारंग ब्रूसार, म्हणजे खलाशांचा मुकादम, टोपीला हात लावून म्हणायचा, "कॉर्पोरल, एक!" मग स्वतःचा, "दोन!" मग पुढं सगळे. अठरा माणसांची मोजणी एकोणीसवर संपायची. ही रीत कुणी घातली कुणाला माहीत नव्हतं आणि कुठं लिहिलेली नव्हती. नाव त्याचं, जहाज त्याचं, मग हजेरीत तो नको? जुना चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा पहिला अधिकारी, मोजणी घ्यायचा आणि म्हणायचा, "एकोणीस, कॉर्पोरल धरून सगळे हजर." त्यात कुणाला काही खटकलं नाही.

रोस्को सगळ्यात नवा, म्हणून शेवटचा. एकोणीस त्याचा. तो ते गिरजाघरातल्या म्हाताऱ्या पाद्र्यासारखं लांबवायचा, "एकोऽऽणीऽऽस!" सगळी रांग हसायची. मी डोळे वटारायचे, पण खरं सांगते, तो आवाज ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा. आईला दिलेला शब्द त्या एका आकड्यात होता.

गुआम बंदरात जुना चीफ मेट पोटाच्या दुखण्यानं उतरला. त्याच्या जागी किनकेड आला. तरुण, हुशार, बूट चकचकीत. पहिल्याच दिवशी त्यानं भटारखान्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यांच्या तारखा तपासल्या. मला माणूस आवडला.

मी सारंगाला विचारलं, "नव्या साहेबाला आपली मोजणी सांगितलीस का?"

ब्रूसार कॉफीत साखर घालत होता, तीही माझ्या डब्यातली. "गुरुवारी सराव आहे. कळेल तेव्हा."

"आधीच सांग की."

"काय सांगू व्हर्लीनबाई? साहेब, आमच्यात एक मेलेला माणूस असतो? मला वेड्यात काढेल तो."

"काढेल तर काढेल. तसा तू फार शहाणा दिसतोस असंही नाही."

तो हसला. मीही हसले. सोमवार होता, राजमा-भात शिजत होता. समुद्र सपाट आणि पांढुरका, वाऱ्याची झुळूक नाही. रोस्को जेवणाआधी डोकावून गेला, बोटानं राजमा चाखला, चमच्याचा फटका खाल्ला.

"ताई, मीठ कमी आहे."

"तुझ्या जिभेला कमी आहे. कुठं निघालास?"

"खाली, इंजिनखोलीमागं, शाफ्टच्या बोगद्यात. तेल सांडलंय म्हणे. आलोच." जाताना त्यानं तसबिरीला सलाम ठोकला. "कॉर्पोरल, माझं ताट राखून ठेवा. हिचा भरवसा नाही."

जेवण वाढायच्या आत घंटा झाली.

इंजिनखोलीत तेल गाळायच्या यंत्राजवळ पेट घेतला होता. मी डेकवर पोचले तेव्हा धुराड्याच्या बाजूनं काळा, जाड धूर निघत होता आणि पायाखालचं पोलाद गरम लागत होतं. पुढच्या कोठारात दारूगोळा होता, छतापर्यंत. मधे एक भिंत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनवाले काळीठिक्कर तोंडं घेऊन खोकत वर आले. धुरात कोण कोण आलं, मला धड दिसेना.

अशा आगीवर एकच इलाज. दारं बंद करून खोलीत गॅस सोडायचा. तो आगीचा श्वास कोंडतो. आत माणूस असेल तर त्याचाही.

"मोजा!" किनकेड ओरडला. "आवाज द्या!"

ब्रूसारचा हात आपोआप टोपीकडं गेला. तीस वर्षांची सवय. "कॉर्पोरल, एक! दोन!"

तीन, चार, पाच. मी सात. आठ, नऊ. आकडे धुरात शिरत रांगेच्या टोकाकडं गेले. सोळा. सतरा. अठरा.

मी थांबले. आता तो लांबवलेला आवाज येणार. या गोंधळातही मेला लांबवणारच.

आला नाही.

किनकेड वळलाच होता. रेडिओत म्हणाला, "अठरा. सगळे वर आहेत, कॅप्टन."

"नाही!" मी रांग सोडून त्याच्या अंगावर गेले. "एकोणीस पाहिजेत! एकोणीस!"

"बाई, रांगेत उभ्या राहा."

"रोस्को खाली आहे! माझा भाऊ खाली आहे!"

"अठरा माणसं आहेत, अठरा आवाज आले. मी स्वतः ऐकले."

"त्यात कॉर्पोरल आला ना!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बिथरलेल्या माणसाकडं पाहतात तसं. हळू आवाजात, समजुतीनं विचारलं, "कोण कॉर्पोरल?"

मी ब्रूसारकडं वळले. त्याचा हात अजून टोपीलाच होता आणि चेहरा राखेसारखा. तो तोंड उघडत होता, पण तेवढ्यात गॅसचा भोंगा सुरू झाला आणि त्याचे शब्द बुडाले. किनकेडला कळलं ते त्याच्या ओठांवरून. रेडिओ तोंडाशी नेऊन तो किंचाळला, "थांबवा! कॅप्टन, थांबवा!" उत्तरादाखल पायाखाली धडधड धडधड झालं. गॅसच्या टाक्या सुटल्या होत्या.

मी दाराकडं धावले. चौघांनी मला धरलं. मी चावले, ओरबाडलं, त्यांच्या आयांचा उद्धार केला. कॅप्टन स्वतः खाली आला. म्हातारा माणूस. "व्हर्लीन, आता दार उघडलं तर हवा आत जाईल. मग आपण सगळेच जाऊ." तो खरं बोलत होता. म्हणूनच मी त्याला कधी माफ केलं नाही.

आग विझली. जहाज वाचलं, दारूगोळा वाचला, आम्ही सगळे वाचलो. दुसऱ्या दिवशी पोलाद निवल्यावर दार उघडलं. बोगद्यातून वर यायच्या शिडीवर तो सापडला. अर्धा चढला होता, एक हात दांडीला घट्ट. ब्रूसारनं त्याला पाठीवर घेऊन वर आणलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पुढं बंदरावर कुणी तरी मोठा माणूस मला म्हणाला, तुमचा भाऊही कॉर्पोरल हॅस्क्यूसारखाच, इतरांसाठी गेला. मी म्हटलं, हॅस्क्यूनं उडी घेतली होती. माझ्या भावाला कुणी विचारलं नव्हतं.

पण ते पुढचं. त्याआधी गुरुवार आला. सराव कुणी रद्द केला नाही. नियम तो नियम. आम्ही मागच्या डेकवर उभे राहिलो. ऊन तिरकं होतं. किनकेडचे डोळे सुजलेले. तो नुसतं म्हणाला, "मोजा."

ब्रूसारनं टोपी काढली.  मग सवयीनंच, रडत, तो म्हणाला, "कॉर्पोरल, एक." आकडे पुढं सरकले. मी सात म्हटलं. रांग अठरापर्यंत गेली आणि तिथं थांबायला हवी होती. पण टोकाला उभ्या असलेल्या एका खलाशानं, चांगल्या मनाचा पोरगा तो, मान खाली घालून हळूच म्हटलं, "एकोणीस."

बाकीच्यांनी मान डोलावली. कुणी तरी "आमेन" म्हणालं. मला दिसलं, ही आता रीत होणार. दर सरावाला कुणी तरी माझ्या भावाच्या नावानं ओ देणार, आणि सगळ्यांना बरं वाटणार.

मी रांगेतून बाहेर आले. "कुणी ओ दिली?"

मी रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले.

"तो नाही इथं. माझ्या घरच्या माणसाच्या नावानं कुणी ओ द्यायची नाही. नसेल तो नाही म्हणा. त्या कॉर्पोरललाही नाही म्हणा. मेलाय तो, साठ वर्षं झाली, त्याला झोपू द्या."

ब्रूसार हुंदका देऊन खाली बसला. मी किनकेडसमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, आवाज ऐकू नका. जवळ या. हात लावून मोजा."

तो रांगेच्या टोकाशी गेला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत, तोंडाकडं बघत, हळूहळू चालत आला. खाली बसलेल्या ब्रूसारच्या डोक्याला त्यानं हात लावला. शेवटी माझ्या खांद्याला लावला, आणि तो हात तिथंच राहिला.

"सतरा," तो म्हणाला.

या वेळी बरोबर होतं.